खालच्या दोन तारखा

त्या घरात बल्ब बदलला की त्याच्या बुडाशी बारीक अक्षरात तारीख पडायची. दुधाच्या पिशवीवर, जॅमच्या बरणीवर, खोकल्याच्या औषधावर, टूथब्रशच्या दांड्यावर, बुटाच्या आत टाचेपाशी, सगळीकडे तारखा.

नवरा म्हणायचा, "एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर टाकशील."

"तुमची टाकलीय," ती भाजी चिरता चिरता म्हणायची. "लग्नाच्या फोटोमागे. वॉरंटी कधीच संपली तुमची."

ती कोर्टात स्टेनो होती. न्यायाधीश बोलणार, ती लघुलिपीत उतरवून घेणार आणि मग टाइप करणार. वकील तिला तारीखबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर फायलीला लावलेल्या चिठ्ठीवरही तेच लिहायचे. तिला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो एखाद्याने तारीख न टाकता अर्ज दिला की. मग समोरचा वकील कितीही नामांकित असो, ती चष्म्यावरून त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट्याने पेन काढायचा.

ही खोड जन्मजात नव्हती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने एका आदेशाखाली आठवड्यापूर्वीची तारीख टाकली होती. तेव्हाच्या साहेबांनी तिला आत बोलावलं. रागावतील म्हणून ती रुमाल हातात घेऊनच गेली. साहेब रागावले नाहीत. त्यांनी कागदाचा तळ दाखवला. तिथे दोन ओळी असतात, 'सांगितला' आणि 'टाइप केला', आणि त्यांच्यापुढे स्टेनोने तारखा टाकून आद्याक्षरं करायची असतात.

"बाई, वरची वीस पानं माझी," साहेब म्हणाले. "त्यात मी चुकलो तर वरचं कोर्ट मला सुधारेल. पण या दोन ओळी तुमच्या. इथे मीही ढवळाढवळ करू शकत नाही. तुम्ही इथे चुकलात तर माझी वीस पानं वाण्याला पुड्या बांधायला द्यायची."

बावीस वर्षांच्या मुलीला एवढ्या मोठ्या इमारतीत कुणीतरी दोन ओळींची मालकी दिली होती. तिने ती जिवापलीकडे सांभाळली. तीस वर्षांत त्या ओळी कुणी वाचल्या, असं मात्र झालं नाही. आदेश हातात पडला की लोक थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारतात, मंजूर की नामंजूर तेवढं बघतात, आणि हसत किंवा शिव्या देत निघून जातात.

निवडणूक पाच आठवड्यांवर आली तेव्हा कोर्टात एक अर्ज आला. नदीपलीकडच्या वस्तीतल्या नऊ हजार चारशे लोकांची नावं मतदार यादीतून उडाली होती. कारण एकच, 'घर आढळले नाही.' ती वस्ती कुणाला मत देते हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, त्यामुळे घरं नेमकी त्याच वस्तीतली का हरवली हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. अर्ज करणारा होता एक निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं त्याने त्याच वस्तीत टपाल वाटलं होतं.

पहिली सुनावणी तेव्हा कोर्टात असलेल्या साहेबांपुढे झाली. त्यांनी निवडणूक कार्यालयाच्या वकिलाला एवढंच विचारलं, "घरं सापडत नाहीत, तर त्यांच्याकडून पाणीपट्टी कशी वसूल होते?"

वकील म्हणाला, "माहिती घेऊन सांगतो."

माहिती काही आली नाही. सोमवारी साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. वजनमापांच्या लवादावर. तिथे कुणाचा किलो नऊशे ग्रॅमचा निघाला तर त्याचा न्याय करायचा असतो. साहेबांनी आपला कप आणि खिडकीतली कुंडी उचलली. सगळा स्टाफ दारात उभा होता.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेबच म्हणाले. "तिथे निदान काटा तरी मधोमध असेल."

शिपाई हसला आणि लगेच मागे वळून कुणी बघितलं का ते बघू लागला. हल्ली ही नवीच सवय सगळ्यांना लागली होती. आधी हसायचं, मग मागे बघायचं.

घरी जेवताना तिने हे सांगितलं. मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि यंदा पहिल्यांदा मत देणार होती, किंवा देणार नव्हती, ते रोज बदलायचं.

"आई, निकाल हल्ली फोनवर ठरतात," मुलगी म्हणाली. "तू जे टाइप करतेस ना, तो नुसता निरोप असतो."

"हळू बोल."

"स्वयंपाकघरात पण?"

"खिडकी उघडी आहे," म्हणत तिने उठून ती लावली. या मुलीचं कसं होणार, हा विचार तिच्या डोक्यात पिठाच्या गिरणीसारखा चोवीस तास चालू असे. मुलगी सभांना जायची, फोनवर काहीबाही लिहायची, आणि वर म्हणायची की वकील होऊन तरी काय उपयोग. यातलं नक्की कशाला घाबरावं हेच आईला ठरवता येत नव्हतं, म्हणून ती आलटून पालटून सगळ्यालाच घाबरायची.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "माझ्या दुकानात दोन्ही बाजूंची माणसं येतात. मी फक्त विचारतो, खालची ओळ दिसते का? तेवढ्यातच शहाणपण आहे."

नवे साहेब आले ते फार गोड स्वभावाचे होते. शिपायालासुद्धा "प्लीज" म्हणायचे. फक्त डिक्टेशन द्यायचे नाहीत. तारीखबाई सकाळी दोन पेन्सिली तासून बसायची आणि संध्याकाळी तशाच टोकदार पेन्सिली घरी न्यायची. साहेब आत फोनवर असत. "हो सर. नक्की सर. वेळेत होईल सर," एवढंच बाहेर ऐकू यायचं. इमारतीत त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं, त्यामुळे हे सर कोण, यावर चहाच्या टपरीवर पैजा लागल्या होत्या.

बारा तारखेला, बुधवारी दुपारी, त्यांनी तिला चौदा पानं दिली. "बाई, हे जरा नीट टाइप करून फायलीत ठेवाल? प्लीज. उद्या लागेल."

ती टाइप करायला बसली. तिचे हात टाइप करायचे तेव्हा डोकं सहसा घरी असायचं. तिसऱ्या पानावर मात्र ते धावत परत आलं. तिथे लिहिलं होतं, 'दोन्ही बाजूंचे म्हणणे सविस्तर ऐकले.' खाली अर्जाचा क्रमांक पोस्टमनच्या प्रकरणाचा होता. आणि पोस्टमनची सुनावणी होती उद्या, तेरा तारखेला. नवव्या पानावर होतं, 'अर्जदाराने कोणताही पुरावा दाखल केला नाही.' चौदाव्या पानावर अर्ज नामंजूर.

कच्चा मसुदा असेल, तिने मनाला समजावलं. साहेब तयारीचे आहेत. उद्या ऐकतील आणि बदलतील. असं म्हणता म्हणता चौदावं पान संपलं आणि तिचे हात आपोआप खालच्या दोन ओळींवर गेले. 'सांगितला'. इथे ती अडली. सांगितलं तर कुणीच नव्हतं. तिने लिहिलं, 'सांगितला नाही, लेखी मिळाला, बुधवार, १२.' पुढे 'टाइप केला: बुधवार, १२.' आद्याक्षरं. बरणीवर टाकावी तशी, कसलाही विचार न करता. मग फाइल बांधली आणि बस चुकू नये म्हणून पळत सुटली.

गुरुवारी पोस्टमन आला तो खांद्याला जुनी खाकी पिशवी अडकवून. वकील केलेला नव्हता. माणूस किडकिडीत, पण आवाज खणखणीत. एकतीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर हाका मारून कमावलेला.

निवडणूक कार्यालयाचा वकील उठला, "आमचं म्हणणं लेखी दिलंय," म्हणाला आणि बसला.

पोस्टमनने पिशवीत हात घातला. "साहेब, ही पाणीपट्टी. गल्ली क्रमांक चार. ही वीजबिलाची नोटीस, गल्ली क्रमांक सात. ही बँकेची जप्तीची नोटीस. साहेब, कर्ज वसूल करायला आलेला माणूस आमच्याकडे एकदाही चुकलेला नाही."

कोर्टात खसखस पिकली. तारीखबाई सवयीने लघुलिपीत सगळं उतरवून घेत होती.

"आणि हे शेवटचं," त्याने एक पाकीट वर धरलं. "हे निवडणूक कार्यालयाचं पत्र. यात लिहिलंय की तुमचं घर शोधूनही आढळलं नाही, म्हणून तुमचं नाव काढलंय. साहेब, हे पत्र मला माझ्या घरी मिळालं. दारातून आत टाकलं होतं."

सगळं कोर्ट हसलं. शिपाई तर भिंतीकडे तोंड करून हसला, म्हणजे मागे बघायला नको. पिंजऱ्यात उभा असलेला दुसऱ्याच कुठल्या प्रकरणातला चोरसुद्धा हसला. तारीखबाईची पेन्सिल हलली आणि रेघ भलतीकडे गेली. साहेब नेमके पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, "ऐकलं. आदेश आजच मिळेल," म्हणाले, फाइल उघडून चौदाव्या पानावर सही केली आणि सहीखाली टाकलं, १३.

बदललं काहीच नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही.

चार वाजता नक्कल घेऊन पोस्टमन तिच्या टेबलाशी आला. पानं चाळत नव्हता. सरळ शेवटच्या पानाच्या तळाशी बघत होता.

"बाई, एक विचारू का? इथे 'टाइप केला' समोर बारा तारीख आहे."

"तुम्ही तळापासून का वाचताय?" तिने विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या ओळी वाचल्या होत्या आणि तिला एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

"सवय हो. पत्र हातात आलं की आधी शिक्का बघायचा, नाव-पत्ता मागून. शिक्क्यावरून कळतं कागद कुठून कधी निघालाय." त्याने बोट ठेवलं. "माझं म्हणणं साहेबांनी आज ऐकलं. आणि त्यावरचा निर्णय काल टाइप झाला. नजरचूक झाली असेल का तुमची?"

एवढं मात्र म्हणायला नको होतं. नऊ हजार नावं, निवडणूक, साहेब, सगळं बाजूला राहिलं. स्वयंपाकात मीठ विसरलीस म्हटल्यावर येतो तसा तिला राग आला.

"मी चुकीची तारीख टाकत नाही," ती म्हणाली. "कुणालाही विचारा."

"बरं बरं," पोस्टमन म्हणाला. त्याने कागदाची नीट घडी केली, पिशवीत टाकली, तिला नमस्कार केला आणि गेला. तो जिना उतरला तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. शिपायाने न मागता पाणी आणून ठेवलं.

शुक्रवारी पोस्टमन वरच्या कोर्टात गेला. शुक्रवारीच दुपारी हेडक्लार्क तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. तो तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. तिला ताई म्हणायचा.

"ताई, छोटंसं काम आहे. एक ओळीचा खुलासा. 'नजरचुकीने तेराऐवजी बारा टाइप झाले.' सही करायची. संपलं."

"पण बाराच होती."

"अहो, होती. ते तुम्हाला माहीत, मला माहीत. साहेब म्हणाले, बाईंची थोडीच वर्षं राहिलीत, सुखाने जाऊ द्यावीत त्यांना. स्वभाव किती चांगला आहे बघा." तो जवळ सरकला. "फक्त खुलाशावर तारीख कालची टाका. तेरा. नक्कल बाहेर जायच्या आधीच तुमच्या लक्षात आलं होतं, असं दिसायला हवं."

"आज चौदा आहे."

"ताई!" हेडक्लार्कने कपाळाला हात लावला. "चुकीची तारीख दुरुस्त करायला एक तारीख इकडची तिकडे केली तर काय आभाळ कोसळतं?"

"म्हणजे खरी तारीख खोटी आहे असं सांगायला खोटी तारीख टाकायची."

"असं फोड करून बोलू नका हो. ऐकायला वाईट वाटतं." तो उठला. "सोमवारी द्या. विचार करून द्या. मुलगी कायदा शिकतेय ना तुमची? उद्या याच इमारतीत यायचंय तिला."

हे शेवटचं वाक्य तिने पर्समध्ये घालून घरी नेलं.

नवऱ्याने ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला. काचा स्वच्छ होत्या तरी पुसत राहिला. "लिहून टाक," म्हणाला. "माणूस चुकतो. कुणाला काही वाटणार नाही. उलट बरं वाटेल लोकांना, की तूसुद्धा चुकतेस."

मुलगी फोन उलटा ठेवून बसली होती.

"तू बोल ना," आई तिच्यावर घसरली. "एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. आता काय झालं?"

"मी काही बोलले आणि तू तसं केलंस, तर जन्मभर म्हणशील, हिच्यामुळे केलं," मुलगी म्हणाली. मग खाली बघत, "आणि नाही केलंस तर मी जन्मभर म्हणेन. म्हणून गप्प बसलेय."

"तुझा विषय काढला त्याने. उद्या तुलाच त्रास दिला तर?"

"दिला तर बघू. पण आई, मी ज्या इमारतीत जाणार आहे तिथे निकाल आदल्या दिवशी तयार असणार असेल, तर मग मी चष्म्याच्या दुकानातच बसते ना. बाबांना मदत होईल."

"हिला काचेतला फरक कळत नाही," नवरा पुटपुटला आणि विषय बदलायला चहा करायला उठला. फ्रिजमधून दुधाची कालची उघडलेली पिशवी काढली आणि सरळ भांड्यात ओतू लागला.

"अहो, तारीख तरी बघा!" ती सवयीने ओरडली.

"तू टाकलीयेस ना? मग बघायचं काय त्यात," तो म्हणाला आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. आपण काय बोललो ते त्याला तिघांत सर्वांत शेवटी कळलं. दूध ओट्यावर सांडलं. मुलगी फडकं आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

"दुकानाचा परवाना मे महिन्यात नवा करायचाय," तो हळूच म्हणाला. "होईल म्हणा काहीतरी."

शनिवारी आणि रविवारी तिने घरातलं एकूण एक कपाट आवरलं. हिला काही सुचेनासं झालं की कपाटं आवरली जातात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाटलीत आठ वर्षांपूर्वीचं कानाचं औषध सापडलं. तारीख होती म्हणून कळलं. तिने ते फेकलं.

सोमवारी सकाळी तिने टेबलाशी बसून खुलासा टाइप केला. हेडक्लार्कने तो घाईघाईने हातात घेतला आणि शेवटच्या ओळीवर उडी मारली. सही होती. त्याचा चेहरा खुलला. मग त्याने वरचं वाचलं.

'सोमवार, दिनांक १७. बुधवार, दिनांक १२ रोजी मी टाइप केलेल्या आदेशाखालील दोन्ही तारखा बरोबर आहेत. गुरुवार, दिनांक १३ रोजी सुनावणीत अर्जदाराने दाखवलेल्या कागदांची माझी लघुलिपीतील टिपणे सोबत जोडली आहेत. तीही तारखेसह.'

"ताई, हे काय केलंत?" तो खरोखर रडवेला झाला होता.

"आवक रजिस्टरला नोंद केलीय. क्रमांक दोनशे सहा," ती म्हणाली. "पोच द्या मला. आणि पोचेवर तारीख टाका."

फाइल वर गेली तेव्हा तो खुलासाही तिच्यात होता. वरच्या कोर्टाने चौदा पानांपैकी तेरा वाचली की नाही देव जाणे. चौदाव्याचा तळ मात्र दोन्ही न्यायाधीशांनी वाचला, असं पोस्टमनने येऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, ऐकण्याआधी लिहिता कसं आलं? निवडणूक कार्यालयाचा वकील म्हणाला, माहिती घेऊन सांगतो. आदेश रद्द झाला. मतदानाआधी सगळी नावं यादीत परत घालायची, असं ठरलं.

त्यातही एक गंमत झाली. त्या नऊ हजार चारशे लोकांना मतदानाच्या चिठ्ठ्या पोचवायच्या होत्या आणि निवडणूक कार्यालयाच्या माणसांना घरं खरंच सापडेनात. शेवटी त्यांनी पोस्टमनलाच बोलावलं. तो खाकी पिशवी घेऊन चार दिवस वस्तीत फिरला, आणि प्रत्येक दारात हाक मारून म्हणायचा, "आहात का हो घरी? सरकारला सापडलात!"

नव्या साहेबांची बढती झाली. निरोपाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना "थँक्यू" म्हटलं. तिलाही म्हटलं.

आणि मतदानाला पाच दिवस राहिले असताना हेडक्लार्क तिच्या टेबलाशी आला. खुर्ची ओढली नाही. उभ्याउभ्याच कागद पुढे केला. तिची बदली. तळघरातल्या अभिलेख कक्षात, जिथे जुन्या फायली ठेवतात आणि जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. 'आपले म्हणणे ऐकून घेऊन', असं त्यात लिहिलं होतं. तिचं म्हणणं कुणी कधी ऐकलं, हे तिला आठवेना.

कागद हातात आल्यावर तिची नजर जिथे जायची तिथेच गेली. तिने चष्मा सरळ केला. कागद उलटून पाहिला, परत सुलटा केला.

"याच्यावर तारीख नाही," ती म्हणाली.

"राहिली असेल, ताई. घ्या तसाच."

"कसा घेऊ? कधीपासून जायचं ते कळायला नको?"

"मग तुम्हीच टाका ना. पेन देऊ?"

"तुमचा कागद, मी कशी टाकणार?"

हेडक्लार्कने इकडे तिकडे बघितलं. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. हेडक्लार्कला जावं लागणार होतं तीन मजले वर, आणि लिफ्ट सकाळपासून बंद होती.

तारीखबाईने डबा पिशवीत ठेवला, पेन्सिली ठेवल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्चीत नीट टेकून बसली. मुलीला फोन लावला. "आज उशीर होईल," म्हणाली. "दूध तापवून ठेव. कालची पिशवी आधी घे."

मग तिने हेडक्लार्कच्या हातात कागद परत दिला.

"सावकाश जा," ती म्हणाली. "मला घाई नाही. टाकून आणा."